लाल झालेला गुडघा ईदची वाट पाहत नाही

संस्कृतात गुडघ्याला ‘जानु’ म्हणतात आणि फारसीतून उर्दूत आलेला शब्द आहे ‘जानू’. दोन्ही एकाच मुळाचे. ज्याचे हात गुडघ्यांपर्यंत पोहोचतात तो आपल्याकडे आजानुबाहू, आणि नमाजमध्ये दोन्ही गुडघे मोडून बसण्याला उर्दूत ‘दोजानू बसणं’ म्हणतात. ‘गुडघे टेकणे’ म्हणजे हार मानणे, हा वाक्प्रचार मराठीत आहे तसाच उर्दूतही आहे. प्रत्यक्षात रोज गुडघे टेकणाऱ्यांत हरलेली माणसं फार थोडी असतात. फरशी बसवणारा मिस्त्री गुडघे टेकतो, लादी पुसणाऱ्या ताई टेकतात, सुतार, नळवाला, माळी टेकतात. देवळात दंडवत घालणारा टेकतो, चर्चमध्ये प्रार्थना करणारा टेकतो आणि मशिदीत सजदा करणाराही टेकतो.

रमजानात गुडघ्यांची आठवण जरा जास्तच होते. रात्रीच्या इशाच्या नमाजनंतर तरावीहची विशेष नमाज असते. बहुतेक मशिदींत ती २० रकातींची असते, काही ठिकाणी ८. प्रत्येक रकातीत दोन सजदे, म्हणजे २० रकातींत ४० वेळा गुडघे जमिनीला लागतात. अशा वेळी सफेत, म्हणजे रांगेत, शेजारी उभा असलेला कुणी ना कुणी ‘या अल्लाह’ म्हणत, गुडघ्यावर हात ठेवून उठताना दिसतो. बहुतेकांचं ते दुखणं वयाचं, सांध्याच्या झिजेचं असतं. त्याला घाई नसते. आज ज्या गुडघ्याबद्दल लिहायचं आहे तो वेगळा आहे. तो समोरून फुगतो, लाल होतो, तापतो. त्याच्या आत पू होतो. त्याला चांगला इलाज आहे, आणि वेळेवर केला तर तो साधा आहे. पण ‘रमजान संपू दे, मग बघू’ असं म्हणत बसलं, तर तोच इलाज अवघड होऊन बसतो.

वाटीवरची पिशवी

शरीरात जिथे कातडी, स्नायू किंवा कंडरा हाडावर घासण्याची शक्यता असते, तिथे मध्ये एक पातळ, चपटी पिशवी असते. तिच्या आत अगदी थोडा बुळबुळीत द्रव असतो. वंगणाचं काम करतो तो. अशा दीडशेच्या आसपास पिशव्या आपल्या अंगात असतात. वैद्यकात त्यांना ‘बर्सा’ म्हणतात. लॅटिन भाषेत त्याचा अर्थच बटवा. गुडघ्याच्या वाटीच्या अगदी पुढे, कातडी आणि हाड यांच्यामध्ये असा एक बटवा असतो. त्याच्या जरा खाली, नडगीच्या वरच्या टोकाशी आणखी एक असतो.

या पिशवीवर रोज तासन्‌तास भार पडला की ती चिडते. आत द्रव साठतो आणि वाटीवर लिंबाएवढी, कधी अंड्याएवढी मऊ सूज दिसू लागते. याला बर्सायटिस म्हणतात. इंग्रजांनी त्याला ‘मोलकरणीचा गुडघा’ असं नाव दिलं, कारण गुडघ्यांवर बसून जमिनी घासणाऱ्या बायकांना तो हमखास व्हायचा. खालच्या पिशवीच्या सुजेला त्यांनी ‘पाद्र्याचा गुडघा’ म्हटलं. ताठ बसून गुडघे टेकले की भार वाटीवर न पडता जरा खाली पडतो, म्हणून हे नाव. ब्रिटनच्या कोळसा खाणींत बुटक्या थरांमध्ये माणसं गुडघ्यांवर रांगत कोळसा काढायची. त्यांच्या सुजलेल्या गुडघ्याला तिथल्या कायद्याने कामामुळे होणारा आजार म्हणून मान्यता दिली, भरपाईच्या यादीत घेतलं. आपल्याकडच्या मिस्त्रीच्या गुडघ्याला असं नाव मिळालं नाही. तो फक्त ‘गुडघ्यात पाणी झालंय’ एवढंच म्हणतो.

या म्हणण्यातही एक घोटाळा आहे. हे पाणी गुडघ्याच्या ‘आत’ झालेलं नसतं, ‘वर’ झालेलं असतं. सांधा वेगळा आणि ही पिशवी वेगळी. सहसा दोघांमध्ये वाट नसते. हा फरक पुढे उपयोगी पडणार आहे.

साधी सूज आणि पिकलेली सूज

नुसत्या घासण्याने आलेली सूज फारशी तापत नाही. दुखते, पण झोप उडवत नाही. काम थांबवलं, बर्फ लावला, गुडघा टेकणं काही आठवडे टाळलं, की हळूहळू उतरते. पिकलेल्या सुजेची कथा निराळी. वाटीवरची कातडी पातळ असते आणि पिशवी तिच्या लगेच खाली. फरशीचा टवका, खिळा, काटा, वाळूचा खडा लागून झालेली बारीक जखम, सिमेंटने फुटलेली कातडी, खाजवून झालेला ओरखडा, एवढी फट जंतूंना पुरते. यातले बहुतेक संसर्ग स्टॅफिलोकॉकस ऑरियस नावाच्या एकाच जंतूमुळे होतात. तो आपल्या कातडीवर आणि नाकात एरवीही राहत असतो. तो बाहेर असेपर्यंत काही बिघडत नाही. आत शिरला की दोन-तीन दिवसांत गुडघा बोलू लागतो.

ओळखायचं कसं? वाटीसमोरची सूज लाल दिसते. हाताची उलटी बाजू लावून पाहिली तर दुसऱ्या गुडघ्यापेक्षा स्पष्ट गरम लागते. नुसतं पांघरूण घासलं तरी कळ येते. आजूबाजूची कातडी ताणलेली, चकाकणारी होते. काहींना ताप येतो, थंडी वाजते. पण ताप नाही म्हणजे संसर्ग नाही असं समजू नये. बऱ्याच रुग्णांना ताप येतच नाही. एखादी भरत आलेली छोटी जखम जवळपास सापडते, कधी तीही सापडत नाही.

आणखी एक खूण फार महत्त्वाची. पिशवीत पू झाला असेल तर गुडघा सरळ ठेवता येतो, थोडाफार वाकवताही येतो. पूर्ण मोडताना कातडी ताणली जाते तेव्हा मात्र दुखतं. पण गुडघा जरासुद्धा हलवला तरी माणूस ओरडत असेल, पाय टेकवणं अशक्य झालं असेल, सूज वाटीच्या दोन्ही बाजूंनी भरली असेल, तर संसर्ग सांध्यातच असण्याची शंका घ्यायला हवी. ती तातडीची वेळ. तासांचा हिशेब असतो तिथे. रात्र असली तरी रुग्णालय गाठायचं.

रमजानात आणखी एक गल्लत होते. दिवसभर पाणी नाही आणि संध्याकाळी निहारी, हलीम, कबाब, मग युरिक ॲसिड वाढलेल्यांचा वाताचा झटका उसळतो. गाउट म्हणतात त्याला. तोही लाल आणि गरमच असतो. घरच्या घरी ‘हे युरिक ॲसिडच’ असा निकाल देऊ नये. गाउट आणि संसर्ग एकाच गुडघ्यात एकदम असू शकतात, आणि फरक डोळ्यांनी कळत नाही.

एका मिस्त्रीचा रमजान

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या मोहल्ल्यात फरशी बसवणारे एक मिस्त्री राहतात. त्यांचा मुलगा माझ्या वर्गात होता. तेव्हाही गुढीपाडवा आणि ईद पाठोपाठ आले होते. पाडव्याला नव्या घरात पूजा करायची म्हणून मालकांची घाई, आणि ईदला मुलांचे कपडे घ्यायचे म्हणून मिस्त्रींची घाई. उचल घेतलेली होती. रोजा ठेवून ते सकाळी आठ ते दुपारी चार काम करत आणि रात्री तरावीहला येत.

एक दिवस टाइलचा टवका उजव्या गुडघ्यात घुसला. त्यांनी तो उपटून टाकला, त्याच पाण्याने गुडघा धुतला ज्यात सिमेंट कालवलं होतं, आणि काम पुढे चालू ठेवलं. चौथ्या दिवशी सूज आली. घरच्यांनी आंबेहळद आणि रक्तचंदन उगाळून लेप लावला. पाचव्या दिवशी मेडिकलमधून दोन प्रकारच्या गोळ्या आणल्या, त्या इफ्तारनंतर घेतल्या, दुखणं जरा दबलं, पुन्हा कामावर. सातव्या दिवशी सेहरीला उठले तेव्हा दात वाजत होते. गुडघ्याची लाली खाली नडगीवर उतरली होती.

तरीही ते डॉक्टरांकडे जायला तयार नव्हते. मुलगा मला बोलवायला आला. मिस्त्री म्हणाले, “सर, तीस वर्षं झाली, माझा एक रोजा सुटला नाही. डॉक्टर पहिली गोष्ट रोजा सोडायलाच सांगेल.” मी मशिदीतल्या मौलानांना सोबत घेऊन गेलो. मौलानांनी गुडघा पाहिला, पाठीवर हात ठेवला आणि एवढंच म्हणाले, “मिस्त्री, ज्याने रोजा सांगितला त्यानेच आजाऱ्याला सवलत सांगितली. अर्धं ऐकायचं आणि अर्धं नाही, असं कसं चालेल?” मग मिस्त्री उठले.

सरकारी रुग्णालयात सुईने पू काढला. रक्त तपासलं तेव्हा साखर भरपूर वाढलेली निघाली. आपल्याला मधुमेह आहे हे त्यांना तोवर माहीतच नव्हतं. काही दिवस शिरेतून औषध, मग घरी गोळ्या. गुडघा वाचला, शस्त्रक्रिया टळली. पण पाडव्याची फरशी दुसऱ्याने बसवली, आणि मिस्त्रींना पुन्हा गुडघा टेकायला पुढचे दोन महिने लागले. पहिल्याच दिवशी जखम साबणाने धुतली असती, चौथ्या दिवशी डॉक्टरांना दाखवलं असतं, तर बहुधा गोळ्यांवर भागलं असतं.

सुई कशासाठी?

गुडघ्यात सुई घालणार म्हटलं की माणसं घाबरतात. पण या आजारात सुई हीच खरी साक्षीदार. डॉक्टर जागा निर्जंतुक करून, शक्यतो बाजूच्या निरोगी कातडीतून पिशवीत सुई घालतात आणि आतला द्रव ओढून घेतात. त्याचे दोन फायदे. एक, ताण कमी होऊन लगेच आराम पडतो. दोन, तो द्रव प्रयोगशाळेत जातो. तिथे पांढऱ्या पेशी मोजतात, जंतू रंगवून सूक्ष्मदर्शकाखाली पाहतात, युरिक ॲसिडचे स्फटिक आहेत का ते बघतात आणि कल्चर लावतात. कल्चर म्हणजे जंतू वाढवून, कोणत्या औषधाने तो मरतो हे तपासणं. त्याचा अहवाल यायला दोन-तीन दिवस लागतात. तोपर्यंत डॉक्टर अंदाजाने औषध सुरू करतात आणि अहवाल आला की गरज असेल तर बदलतात. म्हणून शक्य असेल तर औषधाच्या पहिल्या गोळीआधी द्रव काढलेला बरा. आधीच अर्धवट अँटिबायोटिक पोटात गेलं असेल तर कल्चरमध्ये जंतू सापडत नाही आणि डॉक्टरांना अंधारात चालावं लागतं.

सोबत रक्ताची तपासणी होते. त्यात साखर पाहणं अगदी आवश्यक. मधुमेह, मूत्रपिंडाचा आजार, दारूचं व्यसन, स्टेरॉइडच्या गोळ्या किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असलेल्यांना हा संसर्ग सहज होतो आणि लवकर पसरतो. आत टवका राहिल्याची शंका असेल तर एक्स-रे किंवा सोनोग्राफी करतात. गुराढोरांत, शेळ्या-मेंढ्यांत काम करणारा असेल, किंवा सूज आठवडेच्या आठवडे रेंगाळत असेल, तर हे आवर्जून सांगावं. जनावरांकडून येणारा ब्रुसेला किंवा क्षयाचा जंतू क्वचित या पिशवीत घर करतो आणि त्यांची औषधं वेगळी असतात.

माणूस एरवी धडधाकट असेल, ताप नसेल, लाली थोडी असेल, तर पोटातून घेण्याच्या अँटिबायोटिकवर भागतं. सहसा दहा ते चौदा दिवसांचा कोर्स असतो. ताप, थंडी, पसरणारी लाली, मधुमेह, उलट्या असं काही असेल तर दाखल करून शिरेतून औषध देतात. पू पुन्हा साठला तर पुन्हा सुईने काढतात. एकदा काढलं की झालं असं नसतं, दर काही दिवसांनी दाखवावं लागतं. एवढं करूनही पू हटला नाही तर शस्त्रक्रियेने तो मोकळा करतात, कधी पिशवीच काढून टाकतात. पण वाटीवरची जखम भरायला वेळ घेते, म्हणून शक्यतो ती वेळ येऊ देत नाहीत.

घरी काय करायचं? पाय उशीवर उंच ठेवायचा. गुडघा टेकायचा नाही, उकिडवं बसायचं नाही. आणि एक साधी युक्ती: लालीच्या कडेने बॉलपेनने रेघ ओढून ठेवायची, शेजारी तारीख-वेळ लिहायची. औषध सुरू होऊन दोन दिवस झाले तरी लाली रेघ ओलांडून पुढे जात असेल, तर पुढच्या तारखेची वाट न बघता डॉक्टरांकडे जायचं. ताप चढला, माणूस बरळू लागला, श्वास जोरात चालू लागला तर थेट रुग्णालय. सूज मात्र लगेच पूर्ण जात नाही. दुखणं आणि लाली गेल्यावरही पिशवी काही आठवडे जाड लागते. त्याने घाबरू नये.

हे मात्र करू नका

आपल्या घराघरांत इलाजांची कमी नाही, आणि त्यामागे माया असते हे मान्य. पण पिकलेल्या गुडघ्यावर तेल चोळणं, जोरात मालिश करणं, गरम विटेने शेकणं, पोटीस बांधून ‘पिकू देणं’ यात संसर्ग पसरण्याचाच धोका. सुई तापवून घरी फोडणं तर अजिबात नको. मोहल्ल्यात आजकाल हिजामा, म्हणजे कप लावून रक्त काढण्याची पद्धत पुन्हा लोकप्रिय झाली आहे. ज्या गुडघ्याच्या आत पू आहे त्याच्या कातडीला आणखी चिरे देणं म्हणजे जंतूंना आणखी दारं उघडणं. दुआ जरूर करावी. पाणी दम करून प्यायचं असेल तर प्यावं. पण त्याच पाण्याने डॉक्टरांची गोळीही घ्यावी.

‘एक इंजेक्शन गुडघ्यात मारलं की लगेच पळायला लागाल’ असं सांगणारेही भेटतात. ते बहुधा स्टेरॉइड असतं. साध्या सुजेत डॉक्टर कधी कधी ते देतात, संसर्ग असलेल्या पिशवीत ते घातक. त्याचप्रमाणे कुणाच्या उरलेल्या अँटिबायोटिकच्या गोळ्या घेऊ नयेत आणि स्वतःच्या गोळ्या तिसऱ्या दिवशी बरं वाटलं म्हणून बंद करू नयेत.

रोजा आणि गोळीची वेळ

आता मिस्त्रींना पडलेला प्रश्न. तो त्यांच्या एकट्याचा नाही. दर रमजानात अनेक घरांत हा प्रश्न दबक्या आवाजात विचारला जातो.

कुराणातल्या दुसऱ्या सूरतमध्ये, जिथे रमजानच्या रोज्यांचा हुकूम आहे, तिथेच आजारी आणि प्रवासी माणसाला सवलत दिली आहे. त्याने सुटलेले रोजे नंतर, इतर दिवसांत मोजून पूर्ण करावेत. या सवलतीला ‘रुख्सत’ म्हणतात आणि नंतर ठेवलेल्या रोज्याला ‘कजा’. कायमचा आजार असलेल्याने रोज्याऐवजी गरिबाला जेवू घालण्याची तरतूद आहे, ती ‘फिदिया’. गुडघ्याचा संसर्ग बरा होणारा आहे, म्हणून इथे कजा ठेवायचा. आपल्या मिस्त्रींनी ते रोजे पुढे डिसेंबरात ठेवले. दिवस लहान, हवा थंड. एकादशीला आजारी माणसाला ‘तू औषध घे, देव रागावत नाही’ म्हणणारी आजी आपल्या सगळ्यांच्या ओळखीची आहे. तिचंही म्हणणं याहून वेगळं नसतं.

व्यवहाराची बाजू अशी. आपल्याकडे या दिवसांत रोजा तेरा-साडेतेरा तासांचा असतो. या संसर्गावरची काही नेहमीची औषधं, उदाहरणार्थ सेफॅलेक्सिन किंवा क्लॉक्सासिलिन, साधारण दर सहा तासांनी घ्यावी लागतात. ती इफ्तार आणि सेहरी अशी दोनदाच घेतली तर मधल्या लांब वेळात रक्तातली मात्रा उतरते आणि जंतूंना उसंत मिळते. काही औषधं दिवसातून दोनदा घेण्याजोगी असतात. म्हणून डॉक्टरांना स्पष्ट सांगा की रमजान चालू आहे. सौम्य आजारात दोन वेळा घेण्याचं औषध चालणार असेल तर ते सांगतील. पण औषध निवडायचं ते जंतू पाहून, घड्याळ पाहून नाही. ‘चालणार नाही’ असं ते म्हणाले तर तो शब्द शेवटचा मानावा. वेदनाशामक गोळ्यांचंही तसंच. रिकाम्या पोटी त्या जठराला जाळतात आणि अंगात पाणी कमी असताना मूत्रपिंडावर भार टाकतात.

मधुमेही माणसाने तर संसर्ग असताना रोजाचा आग्रह धरूच नये. संसर्गात साखर वर उसळते, उपाशीपोटी औषधाने खाली कोसळते, आणि दोन्हीत जीव धोक्यात येतो.

इंजेक्शनने किंवा रक्त तपासायला दिल्याने रोजा तुटतो का, हा प्रश्न हमखास येतो. १९९७ साली जेद्दा इथे भरलेल्या आंतरराष्ट्रीय इस्लामी फिक्ह अकादमीच्या अधिवेशनात यावर ठराव झाला. स्नायूत किंवा शिरेत दिलेलं औषधाचं इंजेक्शन, तपासणीसाठी रक्त किंवा शरीरातला नमुना काढणं यांनी रोजा तुटत नाही. पोषण देणारं सलाइन मात्र त्यात येत नाही. म्हणजे ‘रोजा आहे म्हणून गुडघ्यातला पू काढायला ईदनंतर येतो’ असं म्हणण्याचं कारण उरत नाही. तरी मनात शंका असेल तर आपल्या विश्वासातल्या आलिमांना विचारावं, पण त्याच दिवशी विचारावं.

नमाजचंही तेच. पैगंबरांचे एक सोबती इमरान बिन हुसैन यांना मूळव्याधीचा त्रास होता. त्यांना सांगितलं गेलं की उभं राहून नमाज पढा, नाही जमलं तर बसून, तेही नाही जमलं तर कुशीवर पडून. गुडघा बरा होईपर्यंत खुर्चीवर बसून, सजद्याच्या वेळी रुकूपेक्षा थोडं अधिक वाकून नमाज होते. मशिदीत मागच्या सफेत खुर्च्या असतात त्या याचसाठी. तिथे बसलेल्या तरुण माणसाकडे वळून वळून पाहू नये. त्याच्या लेंग्याखाली काय आहे ते आपल्याला दिसत नसतं.

पुन्हा कामावर जाताना

गुडघा बरा झाला, पण पोट तर त्याच गुडघ्यावर आहे. त्यामुळे पुन्हा होऊ नये म्हणून काय करायचं हे अधिक मोलाचं. जाड फोमचे, पट्ट्याने बांधायचे गुडघ्याचे पॅड हार्डवेअरच्या दुकानात मिळतात. ते नसतील तर जाड स्पंजची किंवा जुन्या गादीची घडी गुडघ्याखाली घ्यावी, पण ती रोज झटकावी, धुवावी. घामट, सिमेंट लागलेला पॅड कातडी सोलून काढतो. दर अर्ध्या-पाऊण तासाने उठून पाय मोकळे करावेत. बारीकशीही जखम झाली तर स्वच्छ पाण्याने आणि साबणाने धुऊन पट्टी लावावी आणि ती भरेपर्यंत त्या गुडघ्यावर भार टाकू नये. धनुर्वाताची लस कधी घेतली होती हे आठवत नसेल तर ती घ्यावी.

आणि थोडंसं आपण, काम करवून घेणाऱ्यांनीही बघायला हवं. लादी पुसायला उभ्याने वापरायचा मॉप आणून देणं हा काही मोठा खर्च नाही. ‘कोपरे नीट निघत नाहीत’ म्हणून घरकामाच्या ताईंना फडकं घेऊन रांगायला लावणं आपण बंद करू शकतो. फरशीच्या कामाचा अंदाज काढताना दोन पॅडचे पैसे त्यात धरता येतात. यंदाही पाडवा आणि ईद पाठोपाठ आहेत. गावात किती घरांत फरश्या बसत असतील, रंग लागत असतील. आपल्या घरात काम चालू असेल तर एकदा मिस्त्रीच्या गुडघ्यांकडे नजर टाका. समोरून फुगलेला, लाल, गरम गुडघा दिसला तर दोन दिवसांची सुट्टी द्या, उचल परत मागू नका, आणि जमल्यास स्वतः गाडीवर बसवून डॉक्टरांकडे न्या. फरशी पाडव्यानंतर बसली तरी घर तेच राहील.